हुकांच्या पाठीवरच्या रेघा

चादर पिळायला दोघं लागतात, आणि आमच्या घरात ती दोघं म्हणजे मी आणि वन्सं. एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. त्या एकीकडे पीळ देत होत्या, मी दुसरीकडे. चादर पिळताना आमचं बरं चालतं, कारण मधे चादर असते. एवढ्यात त्यांची नजर माझ्यामागच्या बादलीत गेली आणि त्यांनी हातातलं टोक सोडून दिलं. अर्धवट पिळलेली चादर फरशीवर आपटली, माझ्या पायांवर पाणी उडालं.

"माझा ॲप्रन या बादलीत कुणी घातला?"

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. खरं तर आम्ही त्यांच्याकडे राहतो, ही आठवण त्या अधूनमधून करून देतात. मी रोज सकाळी देवापुढे बसले की मागते, माझ्या जिभेवर कुणाविषयी कडू शब्द येऊ देऊ नकोस. वन्संना त्यातून वगळलं आहे. देवाला तरी किती कामाला लावायचं? पण आज त्यांच्याविषयीच लिहायला बसले आहे. घरात जे झालं ते त्यांच्यावाचून झालं नसतं, आणि त्या कशा आहेत हे सांगितल्याशिवाय ते कुणाला कळायचंही नाही.

क्रेनचे हुक बनतात त्या कारखान्यात वन्सं तपासनीस आहेत. हुक घडवतात, भट्टीत लाल करतात, तेलात बुडवून कडक करतात आणि मग दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून त्यांचा ताठा थोडा उतरवतात. या तापवण्या-बुडवण्यात एखादा तडकतो. भेग केसाहून बारीक. उजेडात कितीही डोळे फाडा, दिसायची नाही. पण उद्या त्याच हुकाला मणामणाचं ओझं टांगलेलं असणार आणि खालून माणसं चालणार. म्हणून प्रत्येक हुक वन्संच्या खोलीतून जातो. खोली कसली, काळ्या पडद्यांचा खोका. तिथे हुकात आधी चुंबक भरतात, म्हणजे हुकच चुंबक होतो, आणि वरून एक पातळ द्रव ओततात. त्या द्रवात लोखंडाचे कण असतात. नॅनो कण म्हणतात त्यांना, इतके बारीक की पिठाचा कण त्यांच्यापुढे डोंगर. भेग असेल तिथे चुंबकाचा जोर पोलादाबाहेर फुटतो आणि कण तिकडे धावत जाऊन चिकटतात. त्या कणांना चमकणारा रंग दिलेला असतो. जांभळा दिवा लावला की अंधारात हिरवी-पिवळी रेघ उभी राहते. "भेग आपण होऊन पुढे येते आणि हात वर करते," असं वन्सं म्हणतात. एवढं एकच वाक्य त्या मायेनं बोलतात.

आता ॲप्रनचं. धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे काही मिसळलेलं असतं, ते त्या जांभळ्या दिव्याखाली पेटल्यासारखं चमकतं. तसा ॲप्रन घालून हुकापुढे उभं राहिलं तर सगळी चमक हुकावर पडते आणि बारीक रेघ त्यात बुडून जाते. म्हणून वन्संचा काळा ॲप्रन त्या स्वतः धुतात, साध्या साबणानं, वेगळ्या बादलीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माझ्या हातचं धुणं वन्संना चालत नाही. नंतर कारण कळलं. तरी मला तसंच वाटतं.

"मी घातला," हे आतून म्हणाले. हे म्हणजे माझे यजमान. त्याच कारखान्यात भट्टीवर असतात. "वाटेत पडला होता. पाय अडकून पडलो असतो."

"खुर्चीवर होता."

"खुर्ची वाटेत होती."

"धाकट्या, आज मी काय घालून उभी राहू?"

"काही घाल. अंधारात बसायचं, त्याला कपडे कशाला बघायला हवेत? घुबडाला कुणी विचारतं का, आज काय घातलंस?"

'घुबड' हे वन्संचं कारखान्यातलं नाव. त्यांच्या पाठीमागे सगळे म्हणतात. तोंडावर, आणि तेही स्वतःच्या घरात, आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वन्संनी ओला ॲप्रन तसाच पिशवीत कोंबला आणि पायऱ्या उतरून गेल्या. चादर मी एकटीनं नळाला एक टोक बांधून पिळली.

यांना एवढं तिखट बोलायचं कारण होतं. भट्टीचा मुकादम निवृत्त व्हायचा होता आणि त्याच्या जागी यांचं नाव चाललं होतं. मुकादम काचेच्या केबिनमध्ये बसतो, काट्यांवर नजर ठेवतो. बाकीचे भट्टीच्या तोंडाशी उभे राहतात. इतकी वर्षं त्या तोंडाशी उभं राहून यांच्या भुवया विरळ झाल्या आहेत, आणि सकाळचा खोकला असा की शेजारचे त्यावर घड्याळ लावतात. मला यांना त्या काचेच्या आत बघायचं होतं. मी त्यासाठी देवाकडे काय काय मागितलं ते देवालाच ठाऊक. साहेबांनी सांगितलं होतं, हा मोठा लॉट नीट पार पडू दे, मग बोलू. लॉट यांचा, म्हणजे भट्टी यांच्या हातची. आणि तो पास कोण करणार? वन्सं. त्यामुळे हे आठवडाभर बहिणीशी गोड बोलायचं म्हणत होते, आणि जितकं गोड बोलायचं ठरवत तितकं तोंडातून उलटंच निघत होतं.

या दोघांचं असं का, हे मी सासूबाई असत्या तर त्यांना विचारलं असतं. त्या लवकर गेल्या. तेव्हा वन्सं शाळेत होत्या आणि हे दुपट्यात. वन्संनी शाळा सोडून याच कारखान्यात बोल्ट खोक्यात भरायचं काम धरलं. यांना त्यांनीच वाढवलं, आणि वाढवलं ते जसे हुक तपासतात तसं. आजही बाजारात कप घ्यायचा झाला तर वन्सं एकेक कप कानाशी धरून नखानं वाजवतात, दुकानदार हात जोडतो. पुढे अंधाऱ्या खोलीतल्या म्हाताऱ्या तपासनिसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा वन्संनी परीक्षा दिली आणि पडद्याआड गेल्या. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणतात, "जो जो आला, त्याच्यात काहीतरी दिसलं." यांच्यात तर त्यांना जन्मापासून दिसतंय. माझ्यात काय दिसतं ते मी कधी विचारलं नाही, पण न विचारता बरंच कळतं.

त्या संध्याकाळी हे घरी आले ते बूट न काढता. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"सगळा लॉट फेकला तिनं."

"सगळा?"

"बहुतेक सगळा. नापासाचे लाल ठिपके. गोवर आल्यासारखा दिसतोय. साहेब म्हणाले, असे हुक भाजणारा मुकादम कसा करू?"

वन्सं मागोमाग आल्या. हात धुतले, नखांच्या कडेनं अजून ते हिरवट काहीतरी होतंच. ताटावर बसल्या. मी वाढलं. वाढताना माझा हात आपटत होता आणि मी तो आपटू दिला.

"ताई, मुद्दाम केलंस तू," हे म्हणाले.

"रेघा दिसल्या. मी काढल्या नाहीत."

"सकाळचा राग काढलास."

"राग काढायचा असता तर तुझ्या पाठीवर काढला असता, हुकाच्या नाही. जेव."

"कुठे होत्या रेघा?"

"पाठीवर. वाकणाच्या बाहेरच्या बाजूला."

हे घास हातात धरून थांबले. "सगळ्यांच्या पाठीवर?"

"सगळ्यांच्या."

"ताई, भट्टीचा हुक तडकला तर मानेत तडकतो. जिथे जाड संपतं आणि बारीक सुरू होतं तिथे. एखादा पाठीत जाईल, पण सगळे? रांग लावून, ठरवून?" यांचा आवाज चढला. "आणि रेघ कशी होती? धारदार का पसरट?"

वन्संनी उत्तर दिलं नाही. मी लग्नापासून त्यांना न बोलताना खूप वेळा पाहिलं आहे. माझ्याशी बोलायचं नाही म्हणून त्या गप्प असतात तेव्हा हनुवटी वर असते. आज खाली होती.

"पसरट," त्या म्हणाल्या. "पुसट."

"म्हणजे?"

"म्हणजे चुंबकाचं गिरगटणं." त्यांनी ताट पुढे सारलं. "आपण प्रत्येक हुक दोनदा बघतो. एकदा उभ्या भेगांसाठी, एकदा आडव्या. एकदा बघून झालं की लाकडी खाचेत सुटा ठेवायचा. चुंबक भरलेला हुक दुसऱ्यावर घासला तर घासल्या जागी चुंबक विस्कटतो, आणि कण तिथे जाऊन बसतात. भेग नसते, पण रेघ दिसते. आधीच्या जाड पावडरीला हे एवढं कळत नव्हतं. या नॅनोला सगळं कळतं."

"मग तू खाचेत ठेवले नाहीस?"

"लोखंडी पेटीत फेकले. एकावर एक. पाठीवर पाठ आपटत होती, मला ऐकू येत होतं."

"का?"

"कारण प्रत्येक हुक उचलताना मला तुझं तोंड दिसत होतं, आणि ते घुबड म्हणत होतं."

इतक्या वर्षांत या बाईनं एक हुक वाकडा ठेवलेला कुणी पाहिला नाही. मीही त्यांच्या बाजूनं एवढं लिहिते. पण हे टाळी वाजवून उभेच राहिले. "झालं! आत्ता चल साहेबांकडे. सांग, माझी चूक, भावाचा माल चोख."

"माझी चूक सांगेन. तुझा माल चोख आहे हे कुणी सांगितलं? पाठीवर रेघ दिसली की मी लाल ठिपका देऊन मोकळी होत होते. मानेकडे बघितलंच नाही. उद्या सगळ्यांचं चुंबक उतरवून पहिल्यापासून बघणार."

"म्हणजे उद्या तू मानेत काढशील."

"असेल तर निघेल."

"आत कुणीतरी पाहिजे. मला तुझा भरवसा नाही."

"ज्याचा माल त्याला आत यायला बंदी आहे. तपासणीतली माझी माणसं तुला चालणार नाहीत." वन्संनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "तुझ्या बायकोला पाठव. तिला माझं काही चांगलं झालेलं बघवत नाही, तेव्हा माझ्या बाजूनं ती खोटं बोलणार नाही."

"आणि माझ्या बाजूनं?"

"तुझ्या बाजूनं बोलायला गेली तर तिचा देव आडवा येईल."

मी हातातली पळी भांड्यात टाकली. माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याविषयी, जणू मी कपाट आहे. पण यांना ते पटलं. हसू येईल इतकं पटलं. "ती माझी बायको आहे, ताई. कळेल तुला," म्हणाले.

सकाळी वन्संनी साहेबांना सगळं सांगितलं. मी बाहेर बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. साहेब म्हणाले, "तुम्हा भावंडांच्या मधे मी पडत नाही. कुणाला आत न्यायचं ते न्या, पण संध्याकाळी मला एकच उत्तर द्या."

पडद्याशी वन्संनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी देवापुढून उठून तशीच आले होते, डोक्याला पांढरा रुमाल बांधून.

"हा काढ."

"का म्हणून?"

"आत गेलीस की दिव्यासारखी पेटशील."

रुमाल काढला, आदल्या दिवशी त्यांनी कारखान्यात शोधून काढलेला एक जुना काळा ॲप्रन घातला. बाहीतून तेलाचा वास येत होता. पडदा पडला आणि काहीच दिसेना. वन्सं कुठेतरी खुर्चीवर बसल्या.

"आता?"

"आता गप्प बसायचं. डोळे अंधाराला बसेपर्यंत."

अंधारात शेजारी शेजारी आम्ही दोघी बसलो. मी मनात देवाचं नाव घ्यायला लागले. पडद्याबाहेर यांचे बूट फेऱ्या मारत होते, मधेच खोकला. वन्सं म्हणाल्या, "त्याचा खोकला वाढलाय." मी म्हटलं, "तुम्हाला आत्ता ऐकू आला?" मग जांभळा दिवा लागला. मी काही विचारायला तोंड उघडलं.

"तोंड मीट. दात चमकतात."

एकेक हुक येत गेला. आधी एका मोठ्या कड्यातून हळूहळू बाहेर काढून त्याचं जुनं चुंबक उतरवायचं, मग नवं भरायचं, द्रव सोडायचा, निथळू द्यायचा. वन्संचे हात त्या उजेडात निळे दिसत होते. प्रत्येक हुक त्या खाचेत असा ठेवत होत्या, जसं झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात. यांना त्यांनी तसंच ठेवलं असेल कधीतरी, असं मनात आलं, आणि आलं तसं मी ते घालवून दिलं. कालच्या लाल ठिपक्याशेजारी आज पाठ कोरी होती. दुसऱ्याची कोरी. तिसऱ्याची कोरी. माझा जीव हलका होत चालला. बाहेरून हे ओरडले, "काय?"

"पाठी स्वच्छ आहेत!" मी ओरडले.

"अजून संपलं नाही," वन्सं म्हणाल्या. ते मला होतं.

लॉट जवळजवळ संपत आला तेव्हा त्यांनी एक हुक फिरवला आणि दिवा खाली घेतला. मान. जाड संपून बारीक सुरू होतं तिथे एक रेघ. पसरट नाही, पुसट नाही. कुणी पिवळ्या दोऱ्यानं एकच टाका घातला असावा तशी. वन्संनी ती फडक्यानं पुसली, हुकाचं चुंबक उतरवलं, पुन्हा भरलं, पुन्हा द्रव सोडला. रेघ पुन्हा तिथेच.

"दिसली?"

मला वाटलं, नाही म्हणावं. या अंधारात कोण बघतंय? काचेची केबिन मला त्या रेघेच्या पलीकडे दिसत होती, आत खुर्ची, खुर्चीवर हे, न खोकता. आणि मग मला तो हुक दिसला, वर टांगलेला, आणि खालून डबा घेऊन चाललेलं कुणीतरी. वन्सं मला घाई करत नव्हत्या. केली असती तर मी नाही म्हटलं असतं, फक्त त्यांना खोटं पाडायला.

"दिसली."

"मला सांगून काय उपयोग? बाहेर सांग."

बाहेरचा उजेड डोळ्यांत खुपला. हे समोरच उभे. मी रुमाल हातात धरूनच म्हटलं, "एकाच्या मानेत आहे. बाकी सगळे चांगले आहेत."

"एकाच्या?"

"एकाच्या. पुसून पुन्हा पाहिली. आहे."

हे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच ती भेग पाडली. "तुला काय कळतं त्यातलं?" एवढंच म्हणाले.

साहेबांनी विचारलं, तेलातून काढल्यावर हुक लगेच मंद भट्टीत गेले होते ना? थंड पडत राहिले तर मानेत ताण बसतो, हे भट्टीवरच्या नव्या माणसालाही शिकवतात. उत्तर मुकादमानंच दिलं. शेवटचे हुक बाहेर पडून राहिले होते, कारण हे केबिनमध्ये येऊन त्याच्याशी बोलत बसले होते. कशाविषयी? खुर्चीविषयी. ती कधी रिकामी होणार, टेबल कुठे हलवता येईल. साहेब म्हणाले, "खुर्ची बघताना भट्टी सुटली." मुकादमाची जागा घडाईकडच्या माणसाला गेली. हे भट्टीच्या तोंडाशीच राहिले.

वन्संना साहेब काय म्हणाले तेही मी ऐकलं. चुंबक भरलेला माल पेटीत फेकला, हे तपासनिसानं स्वतःहून सांगितलं ते चांगलं केलं. पण पुन्हा परीक्षा दिल्याशिवाय पडद्याआड जाता येणार नाही. तोपर्यंत बोल्ट खोक्यात भरायचे. वन्सं "बरं" म्हणाल्या. शाळा सोडून आल्या तेव्हा ज्या बाकावर बसल्या होत्या, त्याच बाकावर त्या आता बसतात, आणि शेजारच्या पोरी त्यांना काकू म्हणतात. याचा त्यांना घुबडापेक्षा जास्त राग येतो.

घरात आता कुणी कुणाशी धड बोलत नाही. हे मला म्हणतात, "तू तिची." वन्सं म्हणतात, "ती तिच्या देवाची, मला कशाला चिकटवतोस?" मला दोघांचाही राग येतो, आणि देवाचाही थोडा येतो. ते मी त्याला सांगितलं आहे. काल जेवताना वन्संनी यांच्या ताटाशेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली ठेवली. यांनी ती उचलून खिडकीत ठेवली. आज सकाळी वन्संनी ती पुन्हा ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "पी, नाहीतर नाकात ओतीन." हे प्यायले नाहीत. मला ती बाटली तिथे बघून आणखी चीड आली, कारण ती मी आणायला हवी होती.

परीक्षेला बसायचं तर डोळे तपासल्याचा दाखला लागतो. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात, मग बराच वेळ सगळं धुरकट दिसतं, म्हणून सोबत कुणीतरी लागतं. वन्संनी यांना विचारलं नाही. मलाही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, "तुझं धुणं किती वाजता आटपतं?"

"का?"

"मग रिक्षा तेव्हाची सांगते."

उद्या सकाळी वन्संना डोळे तपासायला दवाखान्यात न्यायचं आहे.